डॉ. श्रीराम लागू : ‘नटसम्राटा’पासून गाडगेबाबांपर्यंत

चांदूर बाजार, (प्रतिनिधी) : चांदूर बाजारहून अमरावतीकडे जाणारा रस्ता वलगावजवळ पेढी नदी ओलांडतो. याच पुलावर २० डिसेंबर १९५६ रोजी संत गाडगेबाबांनी अखेरचा श्वास घेतला. तालुक्यातील नागरवाडी येथे बाबांचा आश्रम आहे. बाबांना प्रत्यक्ष पाहिलेली पिढी आता जवळजवळ सरली. त्यानंतरच्या पिढ्यांनी त्यांचे रूप पाहिले ते छायाचित्रांतून आणि १९७७ च्या ‘देवकीनंदन गोपाला’ या मराठी चित्रपटातून. चिंध्यांचा अंगरखा, हातात खराटा आणि डोक्यावर गाडगे अशा वेषात पडद्यावर उभा राहिलेला हा माणूस वऱ्हाडातला नव्हता. तो साताऱ्यात जन्मलेला, पुण्यात शिकलेला, कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर होता. शिवाय तो देव न मानणारा होता, आणि ही गोष्ट त्याने कधी लपविली नाही. मराठी रंगभूमी व चित्रपट यांच्या इतिहासात ज्यांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही, असे हे अभिनेते म्हणजे डॉ. श्रीराम लागू.

डॉ. लागू यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७ रोजी सातारा येथे झाला. वडील डॉ. बाळकृष्ण लागू हेही वैद्यकीय व्यवसायात होते. श्रीराम लागूंचे शालेय शिक्षण पुण्याच्या भावे हायस्कूलमध्ये, पुढचे फर्ग्युसन महाविद्यालयात व वैद्यकीय शिक्षण बी. जे. मेडिकल कॉलेजात झाले. नाटकाचा नाद लागला तो याच महाविद्यालयीन वर्षांत. पुढे भालबा केळकर यांच्या नेतृत्वाखालील ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’ अर्थात ‘पीडीए’ या पुण्यातील संस्थेशी ते जोडले गेले. वसंत कानेटकरांचे पहिले नाटक ‘वेड्याचे घर उन्हात’ हे १९५७ मध्ये याच संस्थेने रंगभूमीवर आणले. हौशी, प्रायोगिक मंडळींचे ते दिवस होते. सायंकाळी तालीम, सकाळी दवाखाना, असा क्रम या गटातील अनेकांचा होता. लागू त्याला अपवाद नव्हते.

पुण्यात काही वर्षे व्यवसाय केल्यानंतर त्यांनी कॅनडा व इंग्लंड येथे पुढील प्रशिक्षण घेतले. साठच्या दशकात ते टांझानियातील टबोरा येथे डॉक्टर म्हणून काम करीत होते. पगार होता, प्रतिष्ठा होती, हातात कसब होते. मात्र रंगमंच नव्हता. १९६९ साली त्यांनी वैद्यकीय व्यवसाय सोडून पूर्णवेळ नट होण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी त्यांचे वय चाळिशी ओलांडून गेले होते. नटाची कारकीर्द ज्या वयात स्थिरावलेली असते, त्या वयात लागूंनी ती सुरू केली, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयातील जोखीम कळते. व्यावसायिक रंगभूमीवर त्यांचे पहिले पाऊल पडले ते कानेटकरांच्याच ‘इथे ओशाळला मृत्यू’ या ऐतिहासिक नाटकातून.

यानंतरचे वर्ष मराठी नाट्येतिहासात स्वतंत्रपणे नोंदविण्याजोगे आहे. १९७० मध्ये लागूंनी दोन परस्परविरोधी टोकांची कामे केली. पहिले विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’. एका कुटुंबातील हाव, हिंसा आणि शिवीगाळ यांचे इतके उघडे चित्रण मराठी प्रेक्षकाने पूर्वी पाहिले नव्हते. दिग्दर्शन लागूंचे होते. परिनिरीक्षण मंडळाने अनेक आक्षेप घेतले. त्यातला एक होता नायिकेच्या लुगड्यावरील रक्ताच्या लाल डागाचा. तडजोड म्हणून डाग निळा करण्यात आला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगण्यात येऊ लागले, की मंडळाच्या आज्ञेनुसार डाग निळा केला आहे, कृपया तो लाल समजावा. नियम पाळून नियमाचे हसे करण्याची ही युक्ती पुढे रंगभूमीवरील सेन्सॉरच्या प्रत्येक वादात आठवली गेली.

दुसरे काम ‘नटसम्राट’. वि. वा. शिरवाडकर यांचे हे नाटक ‘दि गोवा हिंदू असोसिएशन’ने २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईत सादर केले. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ची छाया त्यावर आहे. राजाच्या जागी शिरवाडकरांनी निवृत्त नट आणला, राज्याच्या जागी आयुष्यभराची मिळकत. गणपतराव बेलवलकर आपले सारे मुलगा आणि मुलगी यांच्यात वाटून टाकतात, दोन्ही घरांत अपमान सोसतात आणि अखेरीस बूटपॉलिश करणाऱ्या पोराच्या आसऱ्याने फुटपाथवर येतात. शांता जोग यांनी पत्नी कावेरीची भूमिका केली. या नाटकाचे दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर हे नागपूरचे. ‘रंजन कला मंदिर’ ही संस्था आणि ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक यांमुळे त्यांचे नाव विदर्भाला परिचित होते. मराठी रंगभूमीचे केंद्र पुणे-मुंबई मानले जाते. परंतु तिच्या सर्वाधिक गाजलेल्या नाटकांपैकी एकाची बांधणी एका वैदर्भीयाने केली, याची आठवण या भागात क्वचितच काढली जाते.

बेलवलकरांची भूमिका पहिल्यांदा करताना लागू अवघे ४३ वर्षांचे होते. साठी उलटलेल्या, देहाने खचलेल्या आणि आवाजाने मात्र अजून रंगमंचावरच असलेल्या माणसाचे रूप त्यांना उभे करायचे होते. भूमिकेतील स्वगते लांब आहेत. ती काव्यमय गद्यात आहेत. एका बाजूला जुन्या नाटकांतील भरजरी संवादांचा आविष्कार करायचा आणि दुसऱ्या बाजूला त्याच माणसाचे घरातील साधे, ओशाळे बोलणे दाखवायचे, असा दुहेरी ताण त्यात आहे. ज्यांनी मोठ्या आवाजाचा मार्ग धरला, त्यांच्या हाती टाळ्या लागतात आणि माणूस निसटतो. लागूंचे वैशिष्ट्य असे, की शब्द फेकण्यापूर्वी ते त्याचा अर्थ तपासून घेत आहेत, असे प्रेक्षकास वाटे. उच्चार, विराम आणि श्वास यांचा त्यांनी शास्त्र म्हणून अभ्यास केला होता. ‘वाचिक अभिनय’ या नावाचे त्यांचे पुस्तकही आहे. घशाच्या डॉक्टरने आवाजावर पुस्तक लिहावे, यात तसे नवल नाही.

लागूंच्या नंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा नटांनी ही भूमिका केली. प्रत्येकाचा बेलवलकर वेगळा होता आणि प्रत्येकाची तुलना लागूंशीच झाली. २०१६ साली महेश मांजरेकर यांच्या दिग्दर्शनाखाली याच नाटकावर चित्रपट आला व नाना पाटेकर यांनी मुख्य भूमिका केली. तेव्हाही पहिल्या नटसम्राटाची चर्चा पुन्हा झाली. शिरवाडकरांना या नाटकासाठी १९७४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

‘नटसम्राट’पाठोपाठ १९७२ मध्ये कानेटकरांचे ‘हिमालयाची सावली’ आले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या जीवनाचा आधार असलेल्या या नाटकात लागूंनी प्रा. गुंडो गणेश भानू ही भूमिका केली. समाजासाठी झिजणारा थोर पुरुष आणि त्याच्या थोरपणाची किंमत मोजणारे त्याचे घर, असा हा विषय. शांता जोग येथेही त्यांच्यासमवेत होत्या.

‘पिंजरा’ आणि ‘सामना’

रंगभूमीवरील यशाने चित्रपटाचा दरवाजा उघडला. १९७२ सालच्या व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’त लागूंनी आदर्शवादी शिक्षकाची भूमिका केली. गावाला तमाशाच्या नादापासून वाचवू पाहणारा हा गुरुजी स्वतःच नर्तकीच्या मोहात सापडतो. दुसऱ्याचे प्रेत त्याचे म्हणून ओळखले जाते, गाव त्याचा पुतळा उभारते आणि शेवटी स्वतःच्याच खुनाचा आरोप त्याच्यावर येतो. संध्या व निळू फुले यांच्याही त्यात प्रमुख भूमिका होत्या. राम कदम यांच्या संगीतामुळे चित्रपट गावोगावी पोहोचला. लावण्या लोकांच्या ओठी राहिल्या हे खरे. पण पुतळ्याकडे पाहणाऱ्या त्या उद्ध्वस्त गुरुजीची नजर चित्रपटाला उंची देते.

त्यानंतर तीनच वर्षांत आलेल्या ‘सामना’ने लागूंच्या पडद्यावरील कामाचा कळस गाठला, असे म्हणावयास हरकत नाही. दिग्दर्शक जब्बार पटेल यांचा हा पहिला चित्रपट, पटकथा तेंडुलकरांची. साखर कारखानदारीच्या पट्ट्यातील एक गाव, त्यावर एकहाती सत्ता गाजविणारा हिंदुराव धोंडे-पाटील आणि कोठून तरी आलेला एक दारुडा मास्तर. हिंदुराव त्याला आपल्या घरी ठेवून घेतो. मास्तर मात्र मारुती कांबळे नावाच्या बेपत्ता माणसाचे काय झाले, हे विचारणे सोडीत नाही. निळू फुले यांचा हिंदुराव आणि लागूंचा मास्तर यांच्यातील प्रसंग आजही अभिनयाच्या विद्यार्थ्यांना पाहण्यास सांगितले जातात. हा चित्रपट १९७५ च्या बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविण्यात आला.

लागू आणि फुले ही जोडी वेगळ्या अर्थानेही लक्षात घेण्यासारखी आहे. एक परदेशात शिकून आलेला शल्यचिकित्सक, दुसरा पुण्यातील लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलेला लोकनाट्याचा कलावंत. पडद्यावर दोघे समोरासमोर उभे राहिले तेव्हा कोणाचे शिक्षण किती, हा प्रश्न उरला नाही. सामाजिक कामांतही दोघे एकत्र दिसत. १९७९ च्या ‘सिंहासन’मध्ये ते पुन्हा एकत्र आले. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवरील या चित्रपटात लागूंनी अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, तर फुले यांनी पत्रकार दिगू टिपणीस रंगविला. मुख्यमंत्र्यांच्या भूमिकेत अरुण सरनाईक होते.

नास्तिकाने केलेला संत

‘देवकीनंदन गोपाला’ या दोन चित्रपटांच्या मधला. दिग्दर्शक राजदत्त. लागूंच्या चरित्रलेखांत या चित्रपटाला बहुधा एखादी ओळ मिळते. वऱ्हाडाच्या दृष्टीने मात्र ही भूमिका थोडी थांबून पाहावी लागते.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. बालपण गेले मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे, मामाकडे. मुलाच्या बारशाला दारू-मटणाऐवजी गोडाचे जेवण घालून त्यांनी जातरीत मोडली. १९०५ मध्ये घर सोडले आणि पुढची पन्नास वर्षे गावोगाव खराटा चालविला. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तनातून लोकांची मने. त्यांनी देवळे बांधण्याऐवजी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असे ते बजावून सांगत. नवस, बळी, अस्पृश्यता, कर्ज काढून केलेले लग्न यांवर त्यांचा कोरडा असे. त्यांचे कीर्तन म्हणजे श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढण्याची रीत होती. ही रीत अस्सल वऱ्हाडी बोलीत चाले.

अशा माणसाची भूमिका करणे दोन कारणांनी अवघड होते. पहिले, भाषेचे. सातारा-पुण्याच्या जिभेला वऱ्हाडी हेल सहजी वळत नाही आणि हेल चुकला तर इकडचा प्रेक्षक तो लगेच ओळखतो. दुसरे, श्रद्धेचे. संताची भूमिका करणारा नट साधारणतः दोन्ही हात जोडून भूमिकेत शिरतो. ज्या नटाला ईश्वराचे अस्तित्वच मान्य नाही, त्याने काय करावे? लागूंपुढे हा पेच फारसा उभा राहिला नसावा, असे त्यांचे एकंदर विचार पाहता वाटते. गाडगेबाबांच्या ठायी त्यांना चमत्कार करणारा साधू दिसण्याचे कारण नव्हते. माणसांत देव शोधणारा, देवळाबाहेर उभा राहून दगडाला नैवेद्य का, असे विचारणारा हा निरक्षर वऱ्हाडी त्यांच्या विवेकवादाला जवळचाच होता. चित्रपटातील बाबा म्हणूनच तेजोवलयाविना येतात. ते थकतात, चिडतात, घाम पुसतात. चित्रपट म्हणून ‘देवकीनंदन गोपाला’ची मांडणी सत्तरच्या दशकातील चरित्रपटांच्या चाकोरीतली आहे, हे मान्य करावे लागेल. मुख्य भूमिका त्या चाकोरीतली नाही.

परमेश्वर ही कल्पना आता निवृत्त करण्याची वेळ आली आहे, हे मत लागूंनी लेखांतून व भाषणांतून उघडपणे मांडले. त्यावरून वादळ उठले, निषेध झाला. प्रेक्षकांच्या प्रेमावर जगणाऱ्या नटाने प्रेक्षकांच्याच श्रद्धेविरुद्ध बोलणे हे धंद्याच्या दृष्टीने शहाणपणाचे नव्हते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यासमवेत त्यांनी ‘विवेकजागर’ हा वाद-संवादाचा कार्यक्रम महाराष्ट्रभर केला. देव नाही, असे लागू म्हणत. दाभोलकरांची भूमिका देवाबाबत तटस्थ, अंधश्रद्धेबाबत ठाम अशी असे. श्रोते दोघांनाही प्रश्न विचारीत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकर यांची हत्या झाली.

पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावे, यासाठीच्या सामाजिक कृतज्ञता निधीकरिता लागूंनी निळू फुले, तनुजा आदी कलावंतांना बरोबर घेऊन आचार्य अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले. शोकात्म भूमिकांचा हा बादशहा निधीसाठी विनोदी नाटकात उभा राहिला, ही गंमत त्या वेळी प्रेक्षकांनी भरभरून लुटली.

हिंदीतील वाटचाल

हिंदी चित्रपटांत लागूंनी शंभराहून अधिक भूमिका केल्या. त्यांतील पुष्कळशा विसरण्याजोग्या आहेत. बाप, न्यायाधीश, पोलीस अधिकारी, उद्योगपती अशा ठरावीक साच्यांतून त्यांना फिरावे लागले. ‘हेराफेरी’, ‘मुकद्दर का सिकंदर’, ‘लावारिस’ या चित्रपटांमुळे ते देशभर ओळखले गेले, पण ‘नटसम्राट’ पाहिलेल्या मराठी माणसाला त्यांना अशा ठिकाणी पाहून थोडी हळहळच वाटे. काही भूमिका मात्र बाजूला काढून ठेवाव्या लागतील. १९७७ च्या ‘घरौंदा’मध्ये त्यांनी तरुण टंकलेखिकेशी विवाह करणारा, प्रकृतीने दुबळा, श्रीमंत मालक केला. खलनायक ठरू शकणाऱ्या या पात्राला त्यांनी असा एकाकीपणा दिला, की नायकापेक्षा सहानुभूती त्यांच्याकडे गेली. सहाय्यक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार त्यांना याच भूमिकेसाठी मिळाला. त्याच वर्षीच्या ‘इन्कार’मधील उद्योगपती आणि मृणाल सेन यांच्या १९८९ च्या ‘एक दिन अचानक’मधील, एके सायंकाळी घरातून निघून जाणारा प्राध्यापक याही अशाच. मराठीत ‘झाकोळ’ हा चित्रपट त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला.

रिचर्ड अॅटनबरो यांच्या १९८२ च्या ‘गांधी’त ते गोपाळ कृष्ण गोखले झाले. इंग्लंडमध्ये रंगभूमीवर मुरलेला नट चित्रपटात येतो, पुन्हा रंगभूमीकडे जातो आणि यात कोणाला काही वावगे वाटत नाही. ‘गांधी’त तर बेन किंग्जले हे रॉयल शेक्सपिअर कंपनीतून आलेले, आणि लॉर्ड आयर्विनची छोटी भूमिका करणारे जॉन गिलगुड हे इंग्रजी रंगभूमीचे दिग्गज. त्या परंपरेतील नटांच्या पंक्तीत लागू बसले ते ओशाळून नव्हे. लहानशा भूमिकेतही त्यांचा गोखले गांधींना देश पाहून येण्यास सांगणारा खराखुरा वडीलधारा वाटतो.

‘रूपवेध’ आणि उत्तरार्ध

हिंदीतील पैशाने लागूंना एक स्वातंत्र्य मिळवून दिले. मनाजोगे नाटक करण्याचे. ‘रूपवेध’ या आपल्या संस्थेतर्फे त्यांनी तिकीट खिडकीचा फार विचार न करता नाटके केली. गो. पु. देशपांडे यांचे ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ हे डाव्या विचारांच्या प्राध्यापकाच्या चौकशीचे, जवळजवळ केवळ संवादांवर उभे असलेले नाटक त्यांनी रंगविले. विदर्भाशी त्यांचे नाते याही काळात राहिले. यवतमाळ जिल्ह्यातील पारव्याचे महेश एलकुंचवार यांच्या ‘आत्मकथा’त त्यांनी वृद्ध, ख्यातनाम आणि स्वतःशीच अप्रामाणिक राहिलेला लेखक अनंतराव राजाध्यक्ष साकार केला. विदर्भातूनच आलेले प्रेमानंद गज्वी यांचे ‘किरवंत’ १९९१ मध्ये त्यांनी दिग्दर्शित केले. अंत्यविधी करणाऱ्या ब्राह्मणाला त्याचीच जात कशी दूर ठेवते, हे मांडणारे ते नाटक एका दलित लेखकाचे होते.

सत्तरी ओलांडल्यावर, १९९९ मध्ये, मकरंद साठे लिखित व अतुल पेठे दिग्दर्शित ‘सूर्य पाहिलेला माणूस’मध्ये ते सॉक्रेटिस झाले. प्रश्न विचारतो म्हणून विषाचा पेला प्यावा लागलेला हा तत्त्वज्ञ त्यांनी फार शांतपणे केला. त्यानंतर डॉ. शिरीष आठवले यांच्या ‘मित्र’मध्ये पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला वृद्ध आणि त्याची शुश्रूषा करणारी दलित परिचारिका यांच्यातील नाते आले. अर्धे शरीर आणि अर्धी वाचा गेलेल्या माणसाची भूमिका वाचिक अभिनयाच्या आचार्याने स्वीकारावी, यात त्यांचा हट्ट दिसतो.

‘लमाण’ हे त्यांचे आत्मचरित्र. लमाण जसा एका गावचा माल दुसऱ्या गावी पोहोचवितो, तसा नट हा लेखकाचा विचार प्रेक्षकापर्यंत वाहून नेतो. माल त्याचा नसतो, अशी त्यामागची कल्पना आहे. पुस्तकात खाजगी आयुष्य थोडे आणि नाटक फार आहे.

खाजगी आयुष्यात मोठा आघात झाला तो मुलगा तन्वीर याच्या मृत्यूचा. लोकलने प्रवास करीत असता बाहेरून भिरकावलेला दगड लागून तो गेला. लागू व त्यांच्या पत्नी, अभिनेत्री दीपा लागू यांनी त्याच्या नावे २००४ पासून ‘तन्वीर सन्मान’ देण्यास प्रारंभ केला. रंगभूमीवर दीर्घकाळ निष्ठेने काम केलेल्या ज्येष्ठांचा त्याद्वारे गौरव होतो.

लागूंना १९७४ मध्ये पद्मश्री, १९९७ मध्ये मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मान व २०१० मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली. १७ डिसेंबर २०१९ रोजी वयाच्या ९२ व्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. वैकुंठ स्मशानभूमीत त्यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करण्यात आले.